सहपथ्य

हृदय-संशोधन केंद्राच्या भोजनगृहात प्रत्येक ताटापुढे एक छोटा दिवा असे. जेवणाऱ्याच्या हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी सैल झाली की तो हिरवा होई, आखडली की पिवळा. शरयूबाईंचा दिवा हिरवागार होता, आणि पलीकडच्या टेबलावर त्यांच्या यजमानांचा, वामनरावांचा, घास तोंडातल्या तोंडात फिरत होता.

कारण शरयूबाईंच्या समोर केंद्रातलेच दुसरे एक रुग्ण, फाटक, बसले होते.

"वहिनी, या दोडक्यातलं मीठ कुठं गेलं हो?"

"रुसून माहेरी गेलं!" शरयूबाई खळखळून हसल्या. त्या घरी अशा कधी हसल्या होत्या, ते वामनरावांना आठवेना.

आहार आणि हृदय यांच्या या केंद्रातल्या अभ्यासात दोघा नवराबायकोंनी आपणहून नावं दिली होती. शरयूबाईंची वाहिनी इतकी अरुंद झाली होती की शस्त्रक्रियेला डॉक्टर धजत नव्हते. जेवणानं ती सैल राहिली तरच आशा होती. प्रत्येकाच्या वाहिनीत मोहरीएवढा संवेदक बसवला होता. त्यातून संशोधकांना एक अनपेक्षित गोष्ट कळली. ताट तेच, तेलही तेवढंच, पण समोरचा माणूस बदलला की वाहिनीची रुंदी बदलते. याला त्यांनी नाव दिलं सहपथ्य. काय खायचं ते पथ्य सांगतं. कोणासमोर बसून खायचं, ते सहपथ्य.

वामनराव डॉ. नीलोफर तांबोळींना भेटले. "फाटकांना दुसरीकडे बसवा. फार बोलतात. हिला दम लागतो."

"दम कोणाला लागतोय काका, ते दिसतंय मला," डॉक्टर हसल्या. "बरं, उद्या तुम्हीच बसा समोर."

दुसऱ्या दिवशी ते बसले. शरयूबाईंचा हात आपसूक भाजीच्या डावाकडे गेला.

"तू बस. मी वाढतो," म्हणत वामनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला पोळी वाढली. ती निम्मी आमटीच्या वाटीत पडली.

"अहो, राहू दे. तुमची पोळी गार होतेय. आमटी तिखट नाही ना लागत?"

त्यांची नजर नवऱ्याच्या ताटावरून हलेना. दिवा पिवळा झाला, तो पिवळाच राहिला. वामनरावांचा मात्र लख्ख हिरवा होता.

"घरी इतकी वर्षं तुम्ही पुस्तक वाचत जेवलात आणि त्या पोळ्या लाटत राहिल्या," डॉक्टर नंतर म्हणाल्या. "तुम्ही समोर असलात की त्यांचं शरीर अजून कामावरच असतं."

"बदलेन मी."

"त्यांची वाहिनी तोवर थांबायची नाही. आणि काका, तुमचा दिवा फक्त त्यांच्यासमोरच हिरवा होतो. बाकी सगळ्यांसमोर बसवून पाहिलं तुम्हाला. कोणाचं सहपथ्य पाळायचं? त्यांना विचारलं तर त्या तुमचंच म्हणतील."

वामनरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तिला विचारू नका. काकांना वाचायला खिडकीजवळचा उजेड लागतो, असं सांगा. फाटकांना बसवा समोर."

खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी पुस्तक उघडलं. मागून तेच खळखळतं हसू ऐकू आलं. मान वळवायची गरज नव्हती, तरी त्यांनी वळवली. आणि तिचा दिवा पिवळा निघावा, असं त्यांना क्षणभर अगदी मनापासून वाटलं.