पेशी अपुऱ्या

'मोठे साहेब, तुमच्या एका सहीपायी माझी बहीण जाईल, आणि तुम्ही मात्र वर्षाची आकडेवारी छान आली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घ्याल.'

अर्जाची ही पहिली ओळ खरडून ताई थांबली.

रुग्णालयात तिला सगळे काचवाली ताई म्हणत. सुईनं काढलेल्या पेशींच्या काचा रंगवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. खोड एकच: पेशंट यायच्या आधीच सहा काचांवर पेन्सिलीनं नंबर घालून ठेवायची.

धाकट्या बहिणीच्या गळ्यात थायरॉइडची गाठ आली, सुपारीएवढी. पेशी तपासून अहवाल देणाऱ्या मोठ्या साहेबांनी चारदा सुई घातली, चार काचा माखल्या. नंबर घातलेल्या दोन कोऱ्या उरल्या. घाईत ताईनं सहाही रंगात बुडवल्या.

माखलेल्या चारांवर नुसतं रक्त. कोऱ्या दोन पेशींनी गच्च भरलेल्या. केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी चीर, कॅन्सरची खूण. असल्या पेशींनी आजवर कुणाचं भलं केलेलं ताईनं पाहिलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "या दोन काचांना सुई लागलेलीच नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी असतील."

"त्या दिवशी दुसरं कुणी आलंच नव्हतं, साहेब."

"मग काय, भुतानं टोचलं असं लिहू? शंभरातल्या दहा गाठी अशाच कोऱ्या जातात. चालायचंच."

अहवाल गेला: पेशी अपुऱ्या, सहा महिन्यांनी दाखवा. साहेबांच्या होकाराशिवाय सर्जन चाकूला हात लावेना. ताईनं हातापाया पडून पुन्हा सुई करवली. काचा पुन्हा तशाच. साहेबही तसेच.

आज दुपारी तिनं पन्नास काचांचा सीलबंद डबा फोडला. नंबर नाही, सुई नाही; एक काच उचलली आणि रंगात बुडवली.

फोन वाजला. धाकटी.

"ताई, मानेत आत्ता काहीतरी टोचलं गं. रक्त आलंय."

"जवळ कोण आहे?"

"कुणी नाही. भांडी घासत होते."

काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गच्च.

म्हणून हा अर्ज. ती पुढे लिहू लागली, 'डब्यात अजून एकोणपन्नास काचा आहेत.' उगाच चूक नको म्हणून मोजल्या.

अठ्ठेचाळीस.

रंगाच्या भांड्यात एक उभी होती. ताईनं ती ठेवली नव्हती.

फोन पुन्हा वाजत होता.

तिनं एकोणपन्नास खोडून अठ्ठेचाळीस केलं, आणि खाली कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं:

'साहेब, किती काचा भरल्या म्हणजे पेशी पुऱ्या होतील? आकडा सांगा.'