तेवीसपैकी तेवीस

मल्हार भाटकरने मत दिलं होतं, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. त्याच्या डाव्या तर्जनीचं नख निळं होतं, आणि ते निळेपण साबणाने, रॉकेलने, बोटीच्या इंजिनरूममधल्या कसल्याही द्रावणाने जात नव्हतं. मत कुठल्या बाजूला दिलं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. जगात कुणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि कायद्याला नेमकं हेच हवं होतं.

त्या दिवसाचं त्याला आठवे ते इतकंच. न्हावाशेवाला बोटीच्या एजंटच्या कचेरीत तो सकाळी नऊला गेला, अनुपस्थित मतदारांच्या यादीत आपल्या नावापुढे सही केली आणि पडद्यामागे जायच्या रांगेत बसला. त्यानंतर एकदम तो कँटीनमध्ये उसळपाव खात होता आणि घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मधला वेळ डोक्यात कुठेच नव्हता.

ही करामत विसरशाईची. आठवण डोक्यात शिरली की लगेच पक्की होते असा आपला समज असतो, पण तसं नाही. पहिला तासभर ती ओल्या गिलाव्यासारखी असते. तिला घट्ट करण्यासाठी मेंदूच्या पेशींना काही प्रथिनं तयार करावी लागतात. ती तयारच होऊ दिली नाहीत तर आठवण बसत नाही, गळून जाते. पडद्यामागून बाहेर येणाऱ्या मतदाराच्या नखाला लावलेल्या शाईतून एक औषध रक्तात जातं आणि तेवढा तास हे काम थांबवतं. मतदाराला पाऊण तास बाकावर बसवून ठेवतात, त्याच्याशी कुणी बोलत नाही. तो उठतो तेव्हा आपलं मत त्याने मागेच सोडलेलं असतं.

एवढी उठाठेव कशासाठी, तर सत्यमापकासाठी. कपाळाला पट्टी बांधून माणूस खरं बोलतो की खोटं हे सांगणारं ते यंत्र पंधरा वर्षांपूर्वी निघालं आणि दहा वर्षांत मोबाइलइतकं स्वस्त झालं. गावात ते लावायला बंदी होती, आणि लावलंच तर चार माणसं बघणारी होती. पण बोटीवर, आखातात, दूरच्या खाणीवर कोण बघणार? मुकादम कामगारांना रांगेत उभं करायचा आणि पट्टी बांधून विचारायचा, “मत कुणाला दिलंस?” गुप्त मतदान धाब्यावर बसलं. मग मतगुप्तता मंडळाने तोड काढली. गावाबाहेर असणाऱ्याने मतदानाच्या दिवसाआधी मत द्यावं आणि ते विसरून जावं. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याच्याकडून कोण काय काढून घेणार?

मल्हारच्या दाभणे गावाला त्या वर्षी जो कौल द्यायचा होता, तो भिंतीचा होता. समुद्र वर्षागणिक चढत होता. खाडीच्या तोंडाशी भिंत बांधायची हे ठरलं होतं, कशी बांधायची ते गावाने मत देऊन सांगायचं होतं. लांब भिंत बांधली तर सगळं गाव आत येत होतं, पण तिला तीन वर्षं लागणार होती, आणि तेवढ्या काळात एखादं मोठं उधाण आलं तर सगळंच जाण्याची भीती होती. आखूड भिंत एका वर्षात उभी राहिली असती. फक्त खाजणाच्या खाऱ्या दलदलीकडची खारवाडी, बासष्ट घरं, तिच्या बाहेर राहिली असती. मल्हारचं घर वरच्या वाडीत, म्हणजे दोन्ही नकाशांत आत होतं. त्याची बहीण रेवा खारवाडीत दिलेली.

रेवा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मल्हार चार वर्षांचा होता. त्यानंतर त्याला भरवण्यापासून बोटीवरच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मतदानाच्या आदल्या दिवशी बोटीवर तिचा फोन आला.

“मल्ल्या, तू आमच्या बाजूनं दिलंस ना रे?”

“मग कुणाच्या देणार, ताई? वेड लागलंय काय मला?”

तो हे मनापासून बोलला. कपाळाला पट्टी असती तर तिच्यावर हिरवा दिवाच लागला असता.

निकाल लागला तेव्हा बोट कोचीनला होती. गावात प्रत्यक्ष हजर राहून मत देणाऱ्यांमध्ये लांब भिंत एकोणीस मतांनी पुढे होती. त्यात आधी दिलेली मतं मिळवली आणि आखूड भिंत चार मतांनी जिंकली. हे नुसतं एवढंच जाहीर झालं असतं तरी चाललं असतं. पण तालुक्याला नवीन आलेले निवडणूक अधिकारी पारदर्शकतेचे भोक्ते. त्यांनी गावोगावच्या अनुपस्थित मतांचा तक्ता वेगळा छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला. दाभण्याची अनुपस्थित मतं तेवीस. आखूड भिंतीला तेवीस. लांब भिंतीला शून्य.

एक जरी मत इकडचं तिकडे असतं, तरी तेवीस माणसांना आयुष्यभर “तो मीच” असं म्हणता आलं असतं. शून्याने ती सोय ठेवली नाही. मल्हारने तो तक्ता फोनवर तीनदा वाचला, आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हेच, की मतमोजणीचं यंत्र बिघडलं.

बोटीवरून उतरल्यावर तो घरी न जाता थेट पुण्याला गेला. मंडळाच्या प्रयोगशाळेत विसरशाई ज्यांनी शोधली त्या डॉ. शाल्मली ओक बसत. साठीच्या, बारीक चणीच्या, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या बाई.

“यंत्र तपासलंत?” त्याने बसायच्या आधीच विचारलं.

“चार वेळा. यंत्रात काही नाही, भाटकर.”

“मग शाईत काहीतरी असेल. माणसाचं डोकं फिरवत असेल ती.”

“शाई मत दिल्यावर लावतात. पडद्यामागे गेलेला माणूस पूर्ण शुद्धीत असतो. तिथे तुम्हीच होतात.”

“मी माझ्या बहिणीला पाण्यात सोडीन? तिने मला वाढवलंय!”

डॉ. ओकांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, “बोटीवर चढायची तारीख तुम्हाला कंपनीने दिली, की तुम्ही निवडलीत?”

“दोन दिल्या होत्या. चार आणि बारा.”

“कौल आठ तारखेला होता.”

“हो. पण बाराची बोट...” मल्हार बोलता बोलता थांबला. बाराची बोट नवी होती, जवळच्या फेरीची होती, आणि तिच्यावर त्याचा मित्र होता. चार तारीख त्याने का घेतली याचं कारण शोधायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ते आपण आजवर शोधलंच नव्हतं. एजंटला त्याने एका ओळीत उत्तर पाठवलं होतं आणि जेवायला बसला होता. हे मात्र त्याला स्वच्छ आठवत होतं. त्यावर कुणी शाई लावली नव्हती.

“तुम्ही एकटे नाही,” डॉ. ओक म्हणाल्या. “मी पस्तीस ठिकाणचे आकडे काढले. जिथे प्रश्न कुणाला बाहेर ठेवायचा असतो, तिथे आधी मत देणारे असंच मत देतात. गावात थांबणाऱ्याला रात्री आपल्या मतासकट झोपायचं असतं, म्हणून तो कचरतो. शाई लागणार हे ज्याला आधीच माहीत असतं त्याला कचरायचं कारण उरत नाही. मुकादमापासून मतदाराला वाचवायचं म्हणून मी हे केलं. मतदाराला त्याच्या स्वतःच्या मनापासून सोडवायचं माझ्या डोक्यातही नव्हतं हो.” त्या त्याच्या निळ्या नखाकडे बघत होत्या. “मला ह्याची लाज वाटते.”

“मग बंद करा ना ते!”

“मंडळाला सांगितलं. ते म्हणतात, लोकांची मागणी वाढते आहे.”

मल्हार उठला. दारापर्यंत जाऊन परत आला. “डॉक्टर, ते मत विसरायला लावलंत, तसा हा आकडा तरी विसरायला लावता येईल?”

“वाचल्यापासून तासाभरात आला असतात तर,” त्या म्हणाल्या. “आता अकरा दिवस झाले.”

गाडीत गावापर्यंत तो मनाशी वाक्यं जुळवत राहिला. ताई, मीच ते केलं. मला आठवत नाही, पण मीच केलं. खारवाडीत शिरला तेव्हा रेवा अंगणात सुकट वाळत घालत होती. तिने हात पदराला पुसले, त्याला पाणी दिलं आणि त्याने तोंड उघडायच्या आत घरातून एक कागद आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. ती मतमोजणीवरची हरकत होती. मतदाराने शपथेवर सांगायचं, की मी लांब भिंतीला मत दिलं होतं, आणि मोजणी चुकली आहे.

“सही कर.”

“ताई, मला तुझ्याशी बोलायचंय. तो आकडा...”

“मला वजाबाकी येते रे. तेवीसातनं तेवीस गेले की काय उरतं, ते सातवी नापास बाईलापन समजतं.” ती त्याच्याकडे बघत नव्हती. “तुझे भावोजीपन त्या तेवीसात हायत. आखातात बसून स्वतःच्या घराला पाण्यात घातलंनी. त्यांना मी विचारलं नाय, तुलापन विचारत नाय. विचारून तुम्ही सांगणार काय, कपाळ?”

“मग ह्या कागदाचा उपयोग काय?”

“हरकत घेतली तर निकाल लागेपर्यंत भिंतीचं काम थांबतं. भिंत उठली की तिला अडलेलं पाणी सगळं आमच्यावरच येणार. एक पावसाळा आमचा. तेवढ्यात पोरांची शाळा तरी पुरी होईल.”

“पण शपथेवर खोटं...”

“तुला आठवतंय काय आखूड भिंतीला दिलेलं?”

“नाही.”

“मग खोटं कसं झालं? कर सही.”

त्याने सही केली. एवढं करूनही आपण काही दिलं असं त्याला वाटलं नाही. त्याला रडू आलं आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या अंगणापासून भरतीचं पाणी दोन हातांवर आलेलं होतं, आणि समजूत तीच त्याची काढत होती.

सुनावणीला तेवीसच्या तेवीस जण हजर झाले. कुणी स्वतः आले, कुणी पडद्यावरून. सुनावणीपुरती सत्यमापकाला परवानगी होती, आणि प्रत्येकाच्या कपाळाला पट्टी बांधली गेली. प्रत्येकाने सांगितलं, की मी खारवाडीला बाहेर टाकणं शक्यच नाही, माझं मत लांब भिंतीलाच असणार. प्रत्येकाच्या वेळी हिरवा दिवा लागला. मल्हारच्या पट्टीवर तो जरा उशिराने लागला, पण लागला. बोटीची तारीख आठवून, सगळं कळून, पुण्याचं ते बोलणं ऐकूनसुद्धा, आपण असं केलं यावर त्याचा आतून विश्वास बसत नव्हता. अधिकाऱ्याने निकालात लिहिलं, की साक्षीदार खरं बोलत आहेत आणि मोजणीही बरोबर आहे, सबब हरकत फेटाळण्यात येते.

पावसाळा तेवढा मिळाला. त्यानंतर आखूड भिंत उभी राहिली आणि पुढच्या भाद्रपदातल्या उधाणात खारवाडीची चाळीस घरं गेली. माणसं वाचली. त्यांना गावाच्या वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर, पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. सड्यावर विहीर एकच होती.

वर्षभराने मल्हार सुट्टीवर आला तेव्हा गावात नवा कौल निघाला होता. खाडीपलीकडचं जुईबेट आता निम्मं पाण्याखाली होतं आणि तिथल्या एकशे दहा माणसांनी दाभण्याच्या सड्यावर जागा मागितली होती. द्यायची की नाही हे गावाने सांगायचं होतं. ग्रामसेवक मल्हारला वाटेत भेटला. हसत म्हणाला, “ह्या खेपेला केंद्रावर मला एकट्यालाच बसावं लागणार. सातशेतल्या सहाशे चाळीस जणांनी अनुपस्थितीचा अर्ज नेलाय. सगळं गाव परगावी चाललंय बघा!”

रेवा तिच्या पत्र्याच्या खोलीच्या दारात बसली होती. मांडीवर पाट, पाटावर कागद. मल्हार शेजारी टेकला. कागद त्याच्या ओळखीचा होता.

“हे कारण काय लिहायचं रे?” तिने विचारलं. “नोकरी, आजारपण, प्रवास. ह्यातलं कायतरी एक मागतात.”

“तुला कुठे जायचंय?”

“मला कुठं जायचंय! प्रवास लिहिते. आदल्या आठवड्यात तालुक्याला जाऊन मत देऊन येईन. कौलाच्या दिवशी रत्नागिरीला एसटी स्टँडवर बसेन संध्याकाळपर्यंत.”

“ताई, पमाताई जुईबेटावर आहे.”

पमा म्हणजे रेवाची थोरली नणंद. घर गेलं त्या रात्री होडी घेऊन आलेली, रेवाच्या दोन्ही पोरांना महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतलेली.

“ठाऊक हाय मला ती कुठं हाय ते.”

“मग तू ठरवलंयस काय?”

“अजून काय ठरवलं नाय,” रेवा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. खाली विहिरीवर बायकांची रांग लागली होती आणि रहाट कोरडा वाजत होता.

तिने ‘प्रवास’ लिहिलं, सावकाश सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. खाली साक्षीदाराची सही लागत होती. मल्हारने ती केली.