उत्पलाच्या कानात

कळमनुरीत प्रेमानंदच्या लेकीचं बारसं चौथ्या महिन्यावर गेलं, ते तिच्या आत्यापायी. ऐश्वर्या कोचीला खोल समुद्रातल्या वाम माशांवर संशोधन करायची, सुट्टी काही मिळेना. आणि आत्याशिवाय नाव ठेवणार कोण? आली ती मात्र घरभर हसत आली. पाळण्याशी वाकली, तेव्हा भावजय सपना हळूच म्हणाली, "ताई, हिला ऐकू येऊन न्हाई राहिलं. ताट आपटलं तरी दचकत न्हाई. उद्या नांदेडला तपासणी हाय."

बुद्धवंदना झाली. ऐश्वर्यानं लेकराच्या कानाशी तोंड नेलं, "उत्पला" म्हणाली. लेकरू आपलं आढ्याकडं बघत पडलेलं. तेवढ्यात बायांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत असे काही धपाटे घातले, की तिच्या तोंडून रोजच्या कामातलं नाव निसटलं, "सेरिव्होमर."

लेकरानं मान वळवली.

सपना रडायलाच लागली. शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, "असलं कसलं गं नाव?"

"वामीचं, मावशी. करवत अन् नांगराचा फाळ, असा अर्थ. तिच्या तोंडात फाळाच्या आकाराचं हाड असते, त्याला दाते."

"समुद्रात नांगर कोन नेला बाई? सांग आनखी."

मग काय, बारशाची जत्रा झाली. नेमिक्थिस, म्हणजे सुतासारखा मासा. सॅकोफॅरिंक्स, म्हणजे जिचा घसाच पिशवी. दर नावाला लेकरू खुदकन हसायचं आणि बाया पोट धरून हसायच्या. प्रेमानंदनं गल्लीभर पेढे वाटले.

ऐश्वर्याला मात्र राहवेना. बाया जेवायला बसल्यावर तिनं पाळण्यामागं टाळी वाजवली. काही नाही. "उत्पला." काही नाही. उथळ पाण्यातल्या वामीचं नाव घेतलं, तरी लेकरू ढिम्म. मग अगदी तळातल्या एका काळ्या वामीचं घेतलं, "सायेमा." त्याचा अर्थ गर्भ.

उत्पलानं गुडघे पोटाशी घेतले, मुठी आवळल्या, डोळे मिटले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही.

"मशीनच बिघडली आसंल," सपना हसून म्हणाली. तिची आशा काही केल्या हटेना. "तुमी सांगा ना ताई. येते ना तिला ऐकू?"

ऐश्वर्याला उत्तर द्यायचं होतं, आणि खोटं द्यायचं नव्हतं. ती बाहेर आली. दार लावून घेतलं.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. तिनं ओठ गच्च मिटले. तळातल्या वामीचं एक नाव नुसतं मनात आठवायचं, एवढंच तिनं ठरवलं.

दारापलीकडं लेकरू खळखळून हसलं.

नाव अजून पुरतं मनात यायचं होतं.