गोधडीचे नऊशे ग्रॅम

बालवाचकहो, वजनकाट्यावरील एका लहानशा आकड्यात केवढे गूढ दडलेले असते, त्याचे यथाशक्ती निवेदन मी येथे करीत आहे. ते सावधचित्ताने वाचावे.

इसवी सन २०६१. बिद्रेवाडीच्या गुळव्याची (गूळ रांधणाऱ्या कारागिराची) कन्या कस्तुरी रुग्णालयात आपल्या एका दिवसाच्या भावाकडे टक लावून उभी होती. तानूआत्याने बाळाला गोधडीसकट काट्यावर ठेवले.

"दोन किलो सहाशे! नजर नको लागायला."

"गोधडी उतरवावी," मापाडीबाई म्हणाली. ही तेथील यंत्रपरिचारिका (रुग्णसेवा करणारे यंत्र).

"आगं, गारठंल की लेकरू! तू लोखंडाची, तुला काय कळतंय?"

गोधडी उतरली. आकडा सतराशेवर आला.

"आत्याबाई, गारठण्याचीच भीती आहे," मापाडीबाई म्हणाली. "अडीच किलोंहून कमी भरलेल्या बाळांना मृत्यूचा धोका कितीतरी अधिक असतो."

"पण वजन म्हंजे काय रोग हाय?" कस्तुरीने घाबरून विचारले.

"रोग नव्हे, खूण. सांग बरे, गुऱ्हाळात आधी काय निवते? ढेप की गोळी?"

"गोळी! दोन फुंकरीत गार. ढेप सांजंपतोर ऊन असती."

"कारण वस्तू लहान, तर तिच्या मानाने तिचा पृष्ठभाग (बाहेरची बाजू) जास्त. ऊब तेथूनच निसटते. ती राखताना बाळ थकते. मग दूध ओढवत नाही, जंतूंशी झुंजायला बळ उरत नाही."

"मग ह्यो जगंल का न्हाई?"

"उघड्या छातीशी सतत धरले आणि आईचे दूध मिळाले, तर आशा मोठी आहे."

आई तर थकून निजलेली. दाराशी उभे असलेले कस्तुरीचे वडील, आबा, चाचरत म्हणाले, "बाप्याची ऊब चालती का?"

"उबेला आई-बाप कळत नाहीत."

"लाजतोस काय दादा?" आत्या म्हणाली. "गुळाच्या चुलाणापुढं उघडाच असतोस की!"

आबांनी सदरा काढला. आई जागी झाल्यावर तिने बाळाला छातीशी घेतले, ती दमली की पुन्हा आबांनी. असे पस्तीस दिवस चालले.

पस्तिसाव्या दिवशी बाळाला उघडेच काट्यावर ठेवले. कस्तुरी टाचा उंचावून पाहू लागली. दोन किलो सहाशे!

"आत्ती, गोधडीएवढं वजन ह्यानं सवताच मिळवलं!" ती थक्क होऊन म्हणाली.

आत्याने पदर डोळ्यांना लावला.

"पुढे गरोदरपणातच आयांना पोटभर सकस अन्न मिळेल," मापाडीबाई म्हणाली, "तेव्हा असा आकडा मला क्वचितच दिसेल."

वाचकहो, आपण वेळ दिलात, मी ऋणी आहे.

आपला नम्र,
बाळकू धोंडी लोहार