कोरडे कपडे

“कुठे गेले माझ्या छोटूचे कपडे?”

सासूबाईंनी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली होती आणि रिकाम्या फळ्यांवरून त्यांचा हात पुन्हा पुन्हा फिरत होता... डोळ्यांना दिसत नाही ते निदान बोटांना तरी सापडेल, अशी त्या बिचाऱ्या हाताला आशा असावी! शर्ट नव्हते, पँटी नव्हत्या, दाराआडच्या खुंटीवरचा निळा स्वेटरसुद्धा नव्हता.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातला चहाचा कप तिने जपून खाली ठेवला. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते तिने कालच मनाशी ठरवून टाकलं होतं.

“मी दिले, आई. काल पूरग्रस्तांसाठी गाडी आली होती. त्यांना कोरडे कपडे हवे होते.”

“तू दिलेस? मला न विचारता?” सासूबाई कपाटाला धरून मटकन खाली बसल्या. “अगं, माझं लेकरू जाऊन अजून वर्षसुद्धा झालं नाही... आणि तू त्याचं सगळं वाटून मोकळी झालीस? माणूस आहेस की दगड?”

सूनबाईने मान खाली घातली. एक अक्षर बोलली असती तर सुटली असती. पण ते एक अक्षर तिच्या ओठांवर आलं नाही.

कारण कपडे तिने दिलेच नव्हते! ते दिले होते सासूबाईंनी, स्वतःच्या हातांनी!

छोटू म्हणजे चांगला सहाफुटी गडी, दारातून आत येताना मान वाकवणारा. पण शेंडेफळाला घरात एकदा नाव पडलं की पडलं. पाणीपुरवठ्यात फिटर होता. तापाचं निमित्त झालं आणि एवढा मोठा माणूस बघता बघता हातचा गेला. मागे राहिली त्याची आई, त्याची बायको आणि ते कपाट. परवा नदी खालच्या वस्तीत शिरली. काल दुपारी मदतीची गाडी कर्ण्यावरून ओरडत गल्लीत आली, ‘खालची माणसं ओल्या कपड्यांत बसली आहेत हो, कोरडं काही असेल ते द्या...’ सूनबाई लाँड्रीतलं इस्त्रीचं काम आटोपून घराकडे वळत होती. कोपऱ्यावर येते तो काय, गाडीच्या मागे सासूबाई उभ्या! कपड्यांचं गाठोडं केव्हाच वर चढलेलं, आणि हातातला निळा स्वेटर त्या गाडीवरच्या नर्सबाईंना देत होत्या.

“हा आधी घाला हं त्याला,” त्या बजावत होत्या. “भिजून आला असेल पोरगा. थंडी लगेच बाधते त्याला. बाकीचे त्याच्या मित्रांना द्या.”

सूनबाई चार पावलं पळून गेली असती, तर गाठोडं परत मिळालं असतं. पण तिने सासूबाईंचा चेहरा पाहिला... छोटू गेल्यापासून त्या चेहऱ्यावर असं समाधान तिने पाहिलं नव्हतं. लेकराला कोरडं केल्याचं ते वात्सल्य! ती तिथेच उभी राहिली, आणि गाडी निघून गेली.

त्या गाडीतून तिचंही सर्वस्व गेलं होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात येणार? सासूबाई झोपल्या की ती त्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून उभी राहायची. आईच्या दुःखाचा गाजावाजा सगळी गल्ली करते, आणि ते योग्यच आहे. पण तरण्या सुनेचं दुःख विचारायला कुणाला सवड असते? तिला स्वतःलाही ते कुणाला सांगायचं सुचलं नव्हतं.

आणि सासूबाईंना खरं सांगायचं तरी कसं? हल्ली त्या भाजीत दोनदा मीठ घालत, गॅस तसाच सुरू ठेवत, सुनेला मुलीच्या नावाने हाक मारत. डॉक्टरांनी सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे विसरणं आता वाढत जाणार, त्यांना जपा, घाबरवू नका. हेच दुखणं सासूबाईंच्या आईला झालं होतं. “शेवटी ती मला म्हणायची, बाई, तुम्ही कुणाच्या कोण?” सासूबाई कितीदा तरी सांगत. “माझं तसं व्हायला लागलं ना, तर मला कळू देऊ नका गं!” सूनबाईने कळू दिलं नाही. खारट भाजी ती मुकाट्याने खायची, करपलेलं पातेलं स्वतःच्या नावावर घ्यायची. आता तिने कपडेही स्वतःच्या नावावर घेतले, इतकंच.

पण हे ‘इतकंच’ फार महाग पडलं. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं, तिच्या हातचं पाणीही घेईनात. आणि गंमत अशी, की काल काय खाल्लं ते न आठवणाऱ्या त्या माउलीला सुनेवरचा राग तेवढा पक्का आठवत होता! दुसऱ्या दिवशी नणंद आली. तिला सगळे ताई म्हणत. ताई मनाने वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला आवर नव्हता, आणि भाऊ गेल्यापासून तर तिला रागवायला कुणीतरी हवंच होतं.

“लोकांवर उपकार करायची हौस, आणि कपडे माझ्या भावाचे!” ती म्हणाली. “पुरे झालं. आईला मी माझ्याकडे नेते. रविवारी या घराला कुलूप लावायचं. तू आपली माहेरी जा.”

“ताई, आईंना इथून हलवू नका हो... नव्या जागी त्यांना...” सूनबाई बोलता बोलता थांबली. नव्या जागी त्यांना संडासाचं दारही सापडणार नाही, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

“नव्या जागी काय? पोटच्या मुलीचं घर नवं का तिला?”

घर जाणार, आई जाणार... छोटूचं म्हणून जे काही उरलं होतं, ते रविवारी संपणार होतं.

शनिवारी संध्याकाळी कामावरून ती, पूर आल्यापासून रोज जायची तशी, शाळेच्या हॉलमध्ये गेली. मदतीचे ढीग तिथे निवडायचे असत. घरोघरून आलेल्या चपला-बुटांच्या जोड्या लावून एकत्र बांधायचं काम तिच्याकडे होतं. देणारे भल्या मनाने देतात, पण एक बूट एका पिशवीत आणि दुसरा भलत्याच पिशवीत टाकतात. ती जमिनीवर बसून नाड्यांना गाठी मारत होती, तोच दारातून ताईचा आवाज आला.

“हीच! ही बघा, इथे बसलीय पुण्यवान!” ताईने सासूबाईंचा हात धरून त्यांना आणलं होतं. “माझ्या भावाचा निळा स्वेटर परत द्या. आई जेवत नाहीये त्याच्यासाठी. हिने चोरून दिलाय तो!”

हॉलमधले सगळे हात थांबले. सूनबाई धडपडत उठली. तिची नजर नर्सबाईंकडे गेली, आणि तिने जिवाच्या आकांताने मान हलवली, नाही... नाही...

“चोरून?” नर्सबाई पुढे आल्या. “कोण म्हणतं चोरून?”

“नर्सबाई, नका! पाया पडते तुमच्या!”

पण नर्सबाईंचा जन्म खोट्याला खोटं म्हणण्यात गेला होता. “आजी, त्या दिवशी गाडीवर मीच होते की. स्वेटर तुम्हीच माझ्या हातात दिलात. पोरगा भिजून आला असेल म्हणालात. ही पोर कोपऱ्यावर नुसती उभी होती, रडत.”

सासूबाईंनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं...

“मी?” त्या पुटपुटल्या. “मी दिला? मला कसं आठवत नाही गं?”

आणि मग त्यांच्या डोळ्यांत जे उतरलं, ते पाहवेना! ती भीती सूनबाईने इतके दिवस दाराबाहेर अडवून धरली होती. सासूबाई चादरींच्या गठ्ठ्यावर टेकल्या. “म्हणजे झालं सुरू... माझ्या आईसारखं.”

“नाही हो आई, तसं काही नाही! कधीतरी होतं विसरायला, मीसुद्धा...”

“गप्प बस,” सासूबाई म्हणाल्या. पण त्या शब्दांत राग नव्हता. त्यांनी सुनेला हाताला धरून जवळ ओढलं. “दगड म्हटलं मी तुला. आणि तू ऐकून घेतलंस... का गं? मी वेडी होतेय, हे मला कळू नये म्हणून?” त्यांचा आवाज एकदम फुटला. “अगं, ते तुझ्याही नवऱ्याचे कपडे होते! तुझ्यासाठी एकसुद्धा ठेवला नाही मी... एक शर्टसुद्धा नाही! आणि कुणी तुला विचारलं नाही!”

इतक्या दिवसांत हे वाक्य कुणीतरी बोलेल, अशी सूनबाईने आशाही केली नव्हती. तिचा बांध फुटला. सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली, आणि सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“कुणाला मिळाला तो स्वेटर?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“ते नाही सांगता येणार, आजी. त्याच संध्याकाळी खाली गेला.”

“असू दे. भिजलं होतं ना कुणीतरी.”

ताई खांबाला टेकून उभी होती. घरी जाताना ती दोघींच्या मागून चालत राहिली, आणि पुढे सासूबाई काय म्हणत होत्या ते तिने ऐकलं.

“मला वचन दे. मी हे विसरेन, पुन्हा तुलाच बोलेन. तेव्हा मला खरं सांगायचं. मला भीती वाटली तरी चालेल... पण माझ्यासाठी तू शिव्या खायच्या नाहीस.”

“आई...”

“दे म्हणते ना!”

सूनबाईने वचन दिलं. त्या संध्याकाळी सासूबाई तिच्या हातचं पोटभर जेवल्या, आणि ताईही तिथेच राहिली.

रविवार उजाडला. कुलपाचं नाव कुणी काढलं नाही. सूनबाई चहा गाळत होती, ताई कप मांडत होती, आणि बाहेरच्या खोलीत कपाटाची दारं करकरली.

“कुठे गेले माझ्या छोटूचे कपडे?”

सूनबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. कालचं काहीच उरलं नव्हतं, ना हॉल, ना ती मांडी, ना ते वाक्य, आणि इतके दिवस टिकलेला रागही नाही! ती बाहेर आली. सासूबाईंच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता, तीच व्याकुळता. आता खरं सांगायचं होतं... म्हणजे कालची ती भीती पुन्हा त्या डोळ्यांत उतरवायची होती, आणि उद्या पुन्हा, आणि परवा पुन्हा! तिने ओठ उघडले.

“मी दिले, आई.”

पण हे शब्द तिचे नव्हते! मागून ताई पुढे आली होती. वचन सूनबाईने दिलं होतं. ताईने कुणालाच काही दिलं नव्हतं.

“तू?” सासूबाई मुलीकडे बघतच राहिल्या.

“हो. हिलासुद्धा विचारलं नाही मी.”

“अगं निर्दये! माझं जाऊ दे, पण या पोरीचा तरी विचार करायचास! नवरा होता तो तिचा!” सासूबाईंनी सुनेला कवेत घेतलं आणि आपल्या बाहीने तिचे डोळे पुसले. “रडू नकोस गं. मी आहे ना तुला. ही कोण लागून गेली आपल्या घरातलं वाटून टाकणारी? माफी माग तिची! माग आधी!”

ताईला आई जन्मात असं बोलली नव्हती. तिने डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही.

“चुकलं गं माझं,” ती म्हणाली. आणि म्हणताना ती आईकडे बघत नव्हती.