शर्ट न काढता

हसू नका. हे माझ्या सख्ख्या साडूंच्या बाबतीत घडलंय, आणि ते अजून हिंडत-फिरत आहेत.

साडू डॉक्टर. जहाजावर जाणाऱ्यांना तपासून दाखला देणं हे त्यांचं काम. बंदरावर त्यांना ‘फिट-डॉक्टर’ म्हणत, कारण त्यांच्याकडून कुणी नापास होऊन परतल्याचं ऐकिवात नव्हतं. रांग मोठी, म्हणून शर्ट काढायला लावायचा नाही. वरूनच छातीला तपासायची नळी टेकवली की झालं. एका खानसाम्याने सांगितलं होतं, जिना चढताना छातीत दुखतं. “चाखून चाखून ॲसिडिटी झालीय तुला,” म्हणत यांनी त्याला धाडलं. भर समुद्रात त्याचा जीव गेला. किनारा आठवडाभर लांब, जहाजावर डॉक्टर नाही. मटण ठेवतात त्या थंड कोठीत ठेवून त्याला परत आणला. साडूंना दोन दिवस जेवण गेलं नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग आणि तीच नळी. माझे साडू असले तरी सांगतो, मला त्यांची चीड आली होती.

मग गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा बुधवार. मेहुणीच्या बीपीच्या गोळ्या दवाखान्यात राहिल्या होत्या, त्या आणायला हे रात्री दहाला गेले. बाहेरच्या बाकावर एकजण मान खाली घालून बसलेला.

“उद्या या.”

“जहाज पहाटेच सुटतंय, साहेब.”

साडूंनी कुरकुरत दार उघडलं, नळी कानाला लावली. त्या माणसाने आपणहून बटणं काढली.

“शर्टावरून नको. आज नीट बघा.”

छाती गारठलेली. आवाज नाही. नळी बिघडली असेल म्हणून साडूंनी स्वतःच्या छातीला लावून पाहिली. धडधड ऐकू आली. पुन्हा त्याला लावली.

काही नाही...

मान वर केली. तोच खानसामा.

“सापडलं?”

साडूंनी कानातली नळी ओढून काढली.

“नाही ना? मग मला तुमचं द्या.”

त्याने तळहात साडूंच्या छातीवर ठेवला. दाबला. कळ उठली. डाव्या हातात उतरली. साडू गुडघ्यांवर आले.

“दुखतंय?”

“दु...खतंय...”

“ॲसिडिटी असेल.”

बटणं लावली. गेला.

साडू वाचले. मोठ्या हॉस्पिटलात सगळे रिपोर्ट चांगले आले, यंत्रावरच्या रेघाही ठीक. पण तिथल्या डॉक्टरांनी नळी लावली आणि झटकून पाहिली. दुसरी मागवली. तीही झटकली. परवा मीही साडूंच्या उघड्या छातीला कान लावला. श्वास चालू होता. बाकी...

मेहुणी हल्ली वेगळ्या खोलीत झोपते.