अकरा वलयं

डॉ. मंदाकिनी सबनीस यांची प्रयोगशाळा म्हणजे दापोलीच्या घरामागं, बागेच्या टोकाला असलेली पत्र्याची शेड. निवृत्तीनंतर बाईंनी तिथंच संसार मांडला होता. घरापासून शेडपर्यंत साठ मीटरची एक बारीक वायर गेलेली. तिच्यावर एक मोठं यंत्र लावलं की दुसरं कुरकुरायचं. आता नव्या प्रकल्पापायी थ्री-फेजची जाड केबल मंजूर झाली होती. मात्र नियम असा, की नवी केबल केवढी हवी हे ठरवण्याआधी जुनी वायर वाचायची.

वाचायला वीजखात्यातून रेश्मा मुकादम आली. पंचविशीची पोरगी, ओढणी घट्ट गुंडाळलेली, कमरेला पक्कड.

"वायर काय पोथी आहे गं, वाचायला?" बाईंनी चिमटा काढलाच.

"पोथीच की, मॅडम." रेश्मानं तारवाचक यंत्राची पकड वायरीवर बसवली. "वीज वाहिली की तार तापते. या जातीच्या वायरीवरचं प्लास्टिक तापलं की आतून बारीक वलय धरतं आणि थंड झालं की ते तसंच गोठतं. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात ना, तशी इथं मिनिटामिनिटाची. आम्ही याला तारस्मृती म्हणतो. शिवाय प्रत्येक यंत्राची वीज ओढायची लकब वेगळी. जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस कळतं, तसं मला कळतं, हा पंखा, ही मोटर."

"आणि माणसं?"

"माणसं नाही दिसत. वीज वाहिली तरच खूण."

झाडांच्या वलयांत जन्म गेलेल्या बाईंना आणखी काय सांगायचं! त्यांचे डोळे चमकले. "किती मागचं दिसतं?"

"वायर टाकल्यापासूनचं. पण आपल्याला तीन महिने पुरेत."

"छे छे! सहा वर्षांपूर्वीचा पाच मे वाच. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

त्या दिवशी बाईंचा जन्माचा ठेवा गेला होता. शेडमधल्या अतिशीत कपाटात, उणे ऐंशी अंशांवर, त्यांनी सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, एकसष्ट वनस्पतींच्या पेशी जपल्या होत्या. त्यांतल्या एकोणीस तर चिरेखाणींनी सडे गिळल्यावर दुसरीकडं कुठंच उरल्या नव्हत्या. सहा तारखेला सकाळी पाहतात तो कपाटाचा प्लग काढलेला आणि आत नुसतं पाणी. मदतनीस गंगाराम पाष्टे, चौदा वर्षांचा जुना माणूस, एवढंच म्हणाला, "बाई, विजेला दाब नव्हता."

"दाब नव्हता म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं!" फाटकात चार माणसांदेखत बाईंनी त्याला हाकलला. बाईंची जीभ म्हणजे कोयताच. एकोणीस झाडं मारलेला गंगाराम, असं त्याचं नाव पडलं, आणि पुढं कुठल्याही रोपवाटिकेनं त्याला उभं केलं नाही.

रेश्मा पडद्यावरून वाचू लागली. "अकरा दहाला एसी लागला. अकरा बाराला कपाटाची मोटर उठायला गेली, पण उठली नाही. बारीक वायर, सगळा दाब एसीनं खाल्ला. कोणीतरी लगेच प्लग काढलाय. शहाणं माणूस, नाहीतर मोटर जळालीच असती. दहा मिनिटांनी पुन्हा लावून बघितलंय. पुन्हा काढलाय. पुन्हा..." ती बोटानं मोजत गेली. "अकरा वेळा, मॅडम. शेवटचं एकच्या जरासं आधी. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नुसता एसी. तो बंद केला असता तर कपाट चाललं असतं. कोणी कसा नाही केला?"

कसा करणार? त्या दिवशी शेड बघायला दिल्लीचे पाहुणे आले होते, घामानं निथळत होते. एसी त्यांच्यासाठीच बसवलेला, आणि "एसीला कोणी हात लावायचा नाही" हे बाईंचंच फर्मान. आता त्यांना सगळं लख्ख आठवलं. गंगाराम दारात येऊन काहीतरी सांगत होता आणि पाहुण्यांशी बोलता बोलता त्यांनी हातानंच त्याला, "नंतर!" असं केलं होतं. मग एक वाजता शेडला कुलूप, किल्ली पर्समध्ये, आणि पाहुण्यांना घेऊन हर्णैला पापलेट खायला. पाहुणे परत येतील म्हणून एसी चालूच. ते आलेच नाहीत, आणि बाईही सरळ घरी जाऊन झोपल्या.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं ते भलतंच. "ही आठवण पुसली जाते का गं?"

"हो, वायर मर्यादेबाहेर तापली की सगळी वलयं एकमेकांत वितळतात. म्हणून तर दोनदा वाचतो. दोन्ही वाचनं जुळली तरच नोंद होते. जेवून येते, मग दुसरं करू."

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. रेश्मा फाटकाबाहेर पडली आणि बाईंनी एसी लावला. मग ओव्हन. मग हीटर. जुना फ्यूज जाड तारेचा, तो काही उडाला नाही. वीस मिनिटं बाई स्वतःच्या शेडमध्ये चोरासारख्या उभ्या होत्या.

रेश्मा परतली तेव्हा प्लास्टिकचा उग्र वास होता. तिनं पकड लावली. "सगळं सपाट झालं, मॅडम. पण पुसणं म्हणजेही तापवणंच ना? हे बघा आजचं वलय. बारा पन्नास ते एक दहा. सगळ्यांत जाड." मग मान वर न करता तिनं विचारलं, "कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

'चुकून' हा शब्द बाईंच्या अगदी ओठावर आला होता. रेश्मानं काही वाद घातला नसता. पण गंगाराम निर्दोष आहे याचा होता नव्हता तो पुरावा त्यांनी आत्ताच जाळला होता. रेश्माचं एकच वाचन नोंदीत चालणार नव्हतं. आता तो पुरावा फक्त त्यांच्या तोंडात उरला होता, आणि हे तोंड किती खरं बोलतं ते सहा वर्षांत दिसलंच होतं. शी! बाईंना स्वतःचीच किळस आली.

"लिही, लाजेपायी मीच जाळली," त्या म्हणाल्या. "आणि खाली हेही लिही." त्यांनी पाच मेचा सगळा दिवस सांगितला. अकरा दहा, अकरा बारा, अकराच्या अकरा खेपा, दारातला तो हात, कुलूप, पापलेट.

"हे वाचन धरता येणार नाही, मॅडम. जबानी होईल. सही लागेल."

बाईंनी सही केली. एक प्रत घेऊन त्या तशाच उन्हात गंगारामच्या घरी गेल्या. तो अंगणात झावळ्या विणत बसला होता. त्यांना पाहून लगबगीनं उठला.

"बसा, बाई."

"आधी ऐक." बाईंनी उभ्यानंच सगळा कागद वाचला. "चूक माझी होती, गंगाराम. तू अकरा वेळा प्रयत्न केलास. तारेत तसं होतं."

गंगाराम हातातली झावळी उलटसुलट करत राहिला.

"तारेत अकराच असणार," तो म्हणाला. "मी बारा वेळा आलो होतो, बाई. बाराव्या खेपेला कुलूप होतं."

जबानीत बारावी खेप घालायला बाईंनी पर्समधून पेन काढलं, आणि पायरीवर बसून लिहू लागल्या.